पाचू उकळत्या पाण्यात टाकू नका

'पाचू उकळत्या मीठपाण्यात टाका, आत रेघा दिसल्या तर तो नकली,' असा मेसेज दोन दिवस कोल्हापुरातल्या ग्रुपांवर फिरतोय. तो चुकीचा आहे.

मी गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, रोज खडे हाताळतो. पाचू जमिनीत घडतानाच त्यात बारीक भेगा आणि इतर खनिजांचे कण अडकतात. १० पट भिंगाखाली शेवाळासारखी जाळी दिसते. नकली खड्याची काच मात्र बऱ्याचदा आतून स्वच्छ असते, फार तर गोल बुडबुडे दिसतात. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पाचूतही रेघा असू शकतात, म्हणून खात्री रत्नपरीक्षण केंद्रातूनच करून घ्या.

खरं नुकसान पुढे आहे. बहुतेक पाचूंच्या भेगांत तेल भरलेलं असतं. ही जुनी रीत आहे, फक्त ती गिऱ्हाइकाला सांगून विकायला हवी. उकळत्या पाण्यानं तेल निघतं, भेग उघडी पडते. काल एक मावशी सासूबाईंची अंगठी घेऊन आल्या. खड्याच्या कडेपासून मध्यापर्यंत पांढरी रेघ उमटलेली. फार वाईट वाटलं.

धुवायचा तर कोमट पाणी, सौम्य साबणाचा थेंब, मऊ ब्रश. वाफ आणि अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींनी दागिने धुणारं) मशीन नको. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका; पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.