रॅफाएलपेक्षा मोठं व्हायचं होतं, तरी चौदा वर्षं औषधंच विकली

सध्या एक मेसेज फिरतोय. हंगेरीतला एक साधा केमिस्ट, त्याला एके दिवशी आवाज ऐकू आला, 'तू रॅफाएलपेक्षा मोठा चित्रकार होशील'. त्याच दिवशी त्याने नोकरीला लाथ मारली, कुठेही न शिकता अफाट चित्रं काढली, एका चित्रात देव आणि सैतान दोघांना लपवून ठेवलं, पिकासोने त्याच्यापुढे हात टेकले आणि तो बिचारा उपाशी मेला. खाली ठळक अक्षरांत : 'आतला आवाज ऐका, डिग्री-बिग्री सोडा!'

माझा भाचा डी. फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याने हे आईला पाठवलं, सोबत फक्त 'बघ'. ताईने मला पाठवलं, 'आता तूच समजाव याला'. समजावते.

माणूस खरा आहे. तिवदार कोस्त्का, जन्म 1853, पुढे चोंतवारी या नावाने ओळखला गेला. आवाजाची गोष्टही आहे, आणि ती त्याने स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे. 13 ऑक्टोबर 1880, इग्लो गावातलं औषधाचं दुकान. खिडकीबाहेर एक बैलगाडी उभी होती. हातात पेन्सिल होती, समोर प्रिस्क्रिप्शनचा कागद होता, याने गाडी काढली. मालक मागून येऊन बघत होता. 'अरे, तू तर चित्रकार व्हायलाच जन्मलास,' असं काहीसं म्हणाला. मग हा चित्र घेऊन रस्त्यावर आला, आणि तिथे तो आवाज. आता तो आवाज कुठून आला यावर मी वाद घालणार नाही. मरणानंतर डॉक्टरांनी त्याला काय काय लेबलं लावली तेही राहू दे. मला त्या आवाजानंतरच्या चौदा वर्षांबद्दल बोलायचंय, कारण मेसेजवाल्याने नेमकी तीच गिळली आहेत.

दुसऱ्या वर्षी, 1881 मध्ये, तो रोमला गेला. रॅफाएलपेक्षा मोठं व्हायचं तर आधी रॅफाएल बघायला हवा ना! व्हॅटिकनमध्ये चित्रं पाहिली आणि परत येऊन त्याने काय केलं? पैशाचा हिशेब मांडला. कुणापुढे हात पसरायचा नसेल तर आधी गाठीला पैसा हवा. 1884 मध्ये गाच नावाच्या गावात त्याने स्वतःचं औषधाचं दुकान उघडलं आणि पुढची दहा वर्षं ते चालवलं. पुड्या बांधल्या, औषधं घोटली, पैसा साठवला. ज्याला साक्षात आकाशवाणी झाली होती तो माणूस! 1894 मध्ये, चाळिशीत, तो चित्रकला शिकायला बाहेर पडला. त्याचं सगळ्यात अवाढव्य चित्र, लेबनॉनमधल्या जुन्या अवशेषांचं 'बालबेक', 1906 चं. म्हणजे आवाजानंतर सव्वीस वर्षांनी. त्या चित्राची रुंदी सात मीटरच्या वर आहे. एवढा कॅनव्हास, एवढे रंग, लेबनॉनपर्यंतचा प्रवास, तिथला मुक्काम, हे सगळं काय आतल्या आवाजाने भागवलं? भाच्या, ते फार्मसीने भागवलं. तू सोडायला निघालास त्याच फार्मसीने.

'कुठेही न शिकता' हे तर धादांत खोटं. म्युनिकला शिमोन होलोशीच्या शाळेत तो शिकला, मग कार्ल्सरूहला, मग पॅरिसच्या ज्युलियन अकादमीत. आपल्यापेक्षा कितीतरी लहान पोरांच्या शेजारी बसून कोळशाने माणसांची डोकी काढली.

आता देव आणि सैतान. 1902 चं 'म्हातारा कोळी' हे चित्र मिश्कोल्त्सच्या संग्रहालयात आहे. चेहरा सुरकुत्यांनी भरलेला, नजर रोखलेली, मागे पाणी. मधोमध आरसा धरला की एका बाजूने देव दिसतो, दुसऱ्या बाजूने सैतान, असं म्हणतात. दिसतं खरं काहीतरी. पण कुणाच्याही चेहऱ्याच्या दोन बाजू सारख्या नसतात. मी ताईच्या लग्नाच्या अल्बममधल्या भावजींच्या फोटोवर पावडरच्या डबीतला आरसा धरून पाहिला. डावीकडून भावजी कीर्तनाला बसल्यासारखे शांत, उजवीकडून थकलेली उधारी मागायला आलेले. फोटोग्राफरने त्यात कुठलं रहस्य लपवलं होतं म्हणे? कोड्याचा हट्टच असेल तर चोंतवारीने स्वतः तसं लिहिलेलं एक वाक्य दाखवा, मग बोलू. या नादात लोक चित्राचा अर्धा भाग झाकून उरलेलाच बघतात, याचा मला जास्त राग येतो.

उपाशी मेला हेही ताणलेलं आहे. 1919 मध्ये बुडापेस्टमध्ये तो गेला. शेवटची दहाएक वर्षं एकटेपणात गेली आणि मोठं चित्र हातून झालं नाही, हे कबूल. लोकांनी हयातीत त्याला फारसं विचारलं नाही हेही कबूल. आणि एक गोष्ट मेसेजमध्ये असायला हवी होती ती नाहीच. त्याच्या मागे नातेवाईक ते प्रचंड कॅनव्हास निव्वळ कापड म्हणून विकायला निघाले होते, गाड्यांवर ताडपत्रीसारखं घालायला. गेदेओन गेर्लोत्सी नावाचा चोविशीतला नवखा आर्किटेक्ट जागा शोधत चोंतवारीच्या स्टुडिओत पोचला, त्याने ती गुंडाळी पाहिली आणि पदरचे पैसे घालून विकत घेतली. पुढे कितीतरी वर्षं सांभाळली. 1973 मध्ये पेच शहरात चोंतवारीचं संग्रहालय झालं ते त्यातूनच. तर भाच्या, आदर्श घ्यायचाच असेल तर हा आर्किटेक्टही वाईट नाही, आणि त्यानेही डिग्री पुरी केली होती.

राहता राहिला पिकासो. पॅरिसमधल्या प्रदर्शनात त्याने दारं बंद करून तासभर एकट्याने चित्रं पाहिली, मग काहीतरी भारी वाक्य बोलला, अशी गोष्ट सांगतात. याने त्याला सांगितलं, त्याने आणखी कुणाला. पिकासोच्या हातचं एक ओळीचं पत्र कुणाकडे असेल तर त्याचा फोटो पाठवा. मेसेज नको.