नवरा कोण, हे आधी विचारणाऱ्यांसाठी

आज दुपारी घरच्या ग्रुपवर कुणीतरी अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या कुलगुरू नईमा खातून यांचा फोटो टाकला. खाली आमच्याच एका दादाची कमेंट, "नवरा खुर्चीवर होता म्हणून बायकोला मिळाली." त्यावर धडाधड अंगठे. डोकं फिरलंय माझं.

नवरा खुर्चीवर होता, हे खरंय. प्रा. गुलरेझ तेव्हा प्रभारी कुलगुरू होते. कुलगुरूपदासाठी पत्नीचं नाव ज्या बैठकीत आलं तिथे त्यांनी अध्यक्ष म्हणून बसायला नको होतं, मत तर द्यायलाच नको होतं. एवढं मान्य. पण प्रकरण अलाहाबाद उच्च न्यायालयात गेलं, तिथून सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 2025 मध्ये दोन्हीकडे नईमा खातून यांची निवड कायम राहिली.

आणि त्याआधीचं काय? 1988 साली त्या तिथे मानसशास्त्र शिकवायला लागल्या. 2006 ला प्राध्यापक झाल्या. मध्ये वर्षभर रवांडाच्या राष्ट्रीय विद्यापीठात शिकवलं. 2014 पासून विमेन्स कॉलेजच्या प्राचार्य. कुलगुरूपद आलं एप्रिल 2024 मध्ये. छत्तीस वर्षं झाली ही! दादाच्या कमेंटमध्ये त्यातला एक दिवससुद्धा नाही.

माझी आत्या एका धार्मिक न्यासाच्या शाळेत मुख्याध्यापिका झाली, तेव्हा हेच झालं होतं. काका न्यासाच्या कार्यकारिणीवर होते, लोकांना तेवढं पुरलं. दहावीच्या पोरांचे तिने सकाळी सातला घेतलेले गणिताचे जादा तास कुणाला आठवले नाहीत. पालक दाखल्यासाठी ऑफिसात यायचे आणि ती सही करत असतानाच तिला विचारायचे, "साहेब कधी भेटतील?" साहेब म्हणजे काका. त्यांना शाळेची मधली सुट्टी कधी होते तेही माहीत नव्हतं.

अलीगढ विद्यापीठ 1920 सालचं. पहिल्या कुलपती भोपाळच्या सुलतान जहाँ बेगम, म्हणजे एक बाईच. त्यानंतर कुलगुरूच्या खुर्चीत बाई बसायला शंभरहून जास्त वर्षं लागली. जिथे सुन्नी आणि शिया धर्मशास्त्राचे वेगवेगळे विभाग आहेत, जिथल्या प्रत्येक निर्णयाकडे समाज आणि सरकार दोघंही डोळे वटारून बघतात, तिथे ती खुर्ची सांभाळायची आहे. सर सय्यद अहमद यांनी मुलांचं कॉलेज काढलं, त्याचंच पुढे हे विद्यापीठ झालं, पण मुलींची शाळा 1906 मध्ये शेख अब्दुल्ला आणि त्यांच्या पत्नी वहीद जहाँ बेगम यांनी काढली. त्याच शाळेचं पुढे विमेन्स कॉलेज झालं. आज कुलगुरू झालेली बाई त्या कॉलेजातून आलीय, याचा मला मनापासून आनंद आहे. आपण मुलींच्या पहिल्या शाळेचा अभिमान मिरवणारी माणसं, आपल्याला तरी तो व्हायला हवा ना?

हो, 2014 मध्ये विमेन्स कॉलेजच्या मुलींना मौलाना आझाद लायब्ररीत बसू देत नाहीत म्हणून गदारोळ झाला, तेव्हा प्राचार्य याच होत्या. त्यांनी मुलींची बाजू उचलून धरायला हवी होती. ते मला आजही खुपतं.

पण बघा, हा आक्षेप त्यांच्या कामावरचा आहे. आत्याला असले आक्षेप चालायचे. एकदा इंग्रजीचा निकाल घसरला म्हणून एक वडील तिच्यावर ओरडले, तर तिने त्यांना बसवून घेतलं आणि पेपर काढून दाखवले. त्या दिवशी घरी आली ती खुशीत. कुणीतरी मुख्याध्यापिकेशी भांडलं होतं, काकांच्या बायकोशी नाही.

दादा, तू वाचतोयस हे मला माहितीय. राग नाही रे तुझ्यावर, आता उतरलाय बराचसा. तुला नईमा खातून यांच्याशी भांडायचंच असेल तर 2025 च्या ऑगस्टमध्ये फीवाढीविरुद्ध तिथली पोरं आंदोलनाला बसली होती, त्यावरून भांड. मीही येते तुझ्या बाजूने. ती नवऱ्याची कमेंट मात्र काढ.