तिमोरची कॉफी 'अर्धी रोबस्टा' आहे का?

नमस्कार,

पूर्व तिमोर या इंडोनेशियाशेजारच्या छोट्या देशाच्या कॉफीवरचा माझा लेख वाचून तुम्ही तीन वार केलेत. एक, ती कॉफी मुळात अर्धी रोबस्टा (कॉफीच्या दोन मुख्य प्रकारांतला हलका समजला जाणारा; दुसरा अरेबिका), म्हणून सपक आणि ओल्या लाकडासारखी लागते. दोन, 'सेंद्रिय' हे दुर्लक्षाला दिलेलं गोंडस नाव आहे. तीन, कर्नाटकातल्या चिकमगळूरची कॉफी हाताशी असताना हे कौतुक कशाला? यातला एक वार वर्मी बसला आहे. त्याच्याकडे येतोच, पण आधी रोबस्टाचं बघू.

गहू किंवा सोयाबीन करणाऱ्याला तांबेरा म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. कॉफीलाही तांबेरा, म्हणजे पानांवरचा बुरशीचा रोग, पडतो, आणि १८६९ नंतर त्यानं श्रीलंकेतले कॉफीचे मळे असे बसवले की लोक चहाकडे वळले. १९२७ साली तिमोरमधल्या एका मळ्यात, अरेबिकाच्या झाडांत, तांबेऱ्याला दाद न देणारं एक झाड आढळलं. अरेबिका आणि रोबस्टा यांचा तो आपोआप झालेला संकर होता, कुणी मुद्दाम केलेला नव्हे. अरेबिकाची गुणसूत्रं ४४, रोबस्टाची २२. अशी संतती सहसा वांझ निघते. या झाडाची मात्र ४४ भरली, त्यामुळे ते अरेबिकाशी सहज जुळत गेलं. पुढच्या पिढ्या अरेबिकातच मिसळत गेल्या, म्हणून 'अर्धी' हा हिशेब तिथे लागत नाही. शिवाय जुनी, शुद्ध अरेबिकाची झाडंही तिथे शिल्लक आहेत.

आता चिकमगळूर. पोर्तुगालमध्ये ओएरासला १९५५ मध्ये कॉफीच्या तांबेऱ्यावर संशोधन करणारं केंद्र उभं राहिलं. तिथे या तिमोर संकराचा कतुरा या अरेबिकाच्या जातीशी संकर झाला आणि कॅटिमोर जन्माला आली. आपल्याकडे तीच 'कावेरी' म्हणून लावतात. 'चंद्रगिरी' आणि 'सिलेक्शन ९' या बाळेहोन्नूरच्या संशोधन केंद्रातून आलेल्या जातींतही तिमोरचा अंश आहे. कोलंबियाच्या कास्तियो या जातीतही आहे. तुमच्या रोजच्या फिल्टरमध्ये हे तिमोरी रक्त उतरलेलं असण्याची शक्यता बरीच आहे, आणि तिथे तुम्हाला लाकूड लागत नाही. (जाता जाता: पूर्व तिमोर पोर्तुगीजांकडे होतं, आणि १८४४ पर्यंत त्याचा कारभार गोव्याहून चालायचा. तेव्हा हे नातं तसं जुनंच.)

मग लाकडाची चव आली कुठून? ती तुम्हाला लागली यावर माझा विश्वास आहे. मी मागवलेल्या दोन पाकिटांपैकी एकाला ओल्या गोणपाटाचा वास होता. दुसरं मात्र कोकोसारखं, थोडं लिंबूवर्गी, जिभेवर जड पण स्वच्छ. देश एकच, जातीही बहुधा त्याच.

फरक पडतो तो फळ तोडल्यानंतरच्या दिवसांत. तिमोरमधल्या एरमेरा भागाच्या डोंगरातलं कुटुंब लाल आणि अर्धवट कच्ची फळं एकत्रच तोडतं, हातानं फिरवायच्या यंत्रानं गर काढतं, बिया बादलीत आंबवतं आणि दारात किंवा रस्त्याकडेला ताडपत्रीवर वाळत घालतं. दुपारी डोंगरात पाऊस आला की ताडपत्री गुंडाळायची, ऊन पडलं की पुन्हा पसरायची. बी आतून पुरतं वाळायच्या आधीच व्यापारी येतो, आणि घरात पैसा नसतो, म्हणून ते विकलं जातं. पुढे गोदामात तीच ओल वास धरते. उलट जे शेतकरी पिकलेली लाल फळं त्याच दिवशी सहकारी संस्थेच्या केंद्रावर देतात, त्यांचा माल तिथे एकसारखा धुतला आणि वाळवला जातो. तुम्ही दोष संकराच्या माथी मारलात. हे चोर सोडून संन्याशाला सुळी झालं.

आता तुमचा वर्मी बसलेला वार. मी लिहिलं होतं की तिथले शेतकरी 'निसर्गावरच्या निष्ठेमुळे' खतं-औषधं वापरत नाहीत. हे वाक्य मी भाबडेपणानं लिहिलं. खत घ्यायला पैसा नाही, हे खरं कारण. १९७५ ते १९९९ या इंडोनेशियाच्या ताब्यातल्या काळात कॉफी खरेदीची मक्तेदारी बरीच वर्षं लष्कराच्या मर्जीतल्या एकाच कंपनीकडे होती. भाव इतका पडलेला की बागेवर कष्ट घेण्यात अर्थ राहिला नाही. १९९४ नंतर सहकारी खरेदी सुरू झाली, तोवर झाडं म्हातारी होऊन उंच वाढली होती. छाटणी नाही, नवी लागवड नाही. अजूनही कित्येक बागांत फांद्या वाकवून, खोडावर चढून फळं काढावी लागतात. दर हेक्टरी उत्पन्न अगदी तुटपुंजं. त्यात सावली देणाऱ्या उंच झाडांनाही रोग लागला. परदेशी ग्राहकाला सेंद्रियचा शिक्का मिळतो, त्याच्यामागे ही परिस्थिती आहे. तो शिक्का खोटा नाही. मी त्याला चिकटवलेली गोष्ट खोटी होती.

म्हातारं झाड बुंध्याजवळ छाटलं की ते दोन-तीन हंगाम फळ देत नाही, आणि कॉफीखेरीज रोख पैशाचा दुसरा मार्ग नसलेल्या घरानं ते हंगाम कसे काढायचे, हा तिथला खरा तिढा आहे. त्यावर लेखात एक ओळही नव्हती. तुम्ही टोकलं नसतं तर मलाही ते सुचलं नसतं.

पुन्हा एकदा घेऊन बघणार असाल तर नुसतं 'तिमोर' लिहिलेलं पाकीट घेऊ नका. एरमेरा, लेतेफोहो किंवा माउबिसे असा भाग छापलेला असेल, धुतलेली असल्याचा उल्लेख असेल आणि भाजल्याची तारीख महिन्याच्या आतली असेल, तर घ्या. चिकोरी घालू नका, आणि पहिला घोट दुधाशिवाय. तरीही लाकूड लागलं तर कळवा.

निष्ठेचं ते वाक्य लेखातून आज काढून टाकलं आहे.