दोनशे रुपयांचे ‘क्रूझ कंट्रोल’

‘दोनशे रुपयांत कोणत्याही मोटरसायकलला क्रूझ कंट्रोल’ अशी जाहिरातवजा माहिती सध्या मोबाईलवर फिरते आहे. ॲक्सिलरेटरच्या मुठीवर प्लास्टिकची क्लिप घट्ट आवळा, ब्रेक दाबताच ती सुटते आणि मायलेजही वाढते, असे तीत सांगितले आहे. ती खरी मानून माझ्या भाच्याने कोल्हापूरला निघण्याच्या आदल्या रात्री प्लास्टिकची एक क्लिप ॲक्सिलरेटरच्या मुठीवर आवळून बसवली, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

क्रूझ कंट्रोल वेग कायम राखते. क्लिप मात्र फक्त मूठ पिळलेल्या जागी धरून ठेवते, त्यामुळे चढ लागला की गाडी मंदावते आणि उतार लागला की आपोआप पळू लागते. कोल्हापूरहून पुण्याकडे येताना खंबाटकी घाटातला जुना बोगदा ओलांडल्यावर तीव्र उतार आणि लगेच वळण येते; तिथे क्लिपच्या भरवशावर राहण्याची कल्पनाच करवत नाही.

‘क्लिप जितकी घट्ट तितकी उत्तम, ब्रेक दाबताच ती सुटते’ हा दावा तर निव्वळ घातक आहे. कंपनीच्या क्रूझ कंट्रोलमध्ये ब्रेक किंवा क्लच दाबल्यावर ते बंद होते, कारण त्यांचे स्विच इंजिनाच्या संगणकाला जोडलेले असतात. प्लास्टिकच्या तुकड्याला कोणी ब्रेक दाबला हे कळणार कसे? घट्ट आवळलेल्या क्लिपमुळे ॲक्सिलरेटरची मूठ उघडीच, म्हणजे पिळलेलीच, राहते, ब्रेकला इंजिनाच्या ओढीशीही झगडावे लागते आणि घाबरून क्लच दाबावा तर इंजिन किंचाळू लागते. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे २२ मीटर जाते, त्यामुळे क्लिप चाचपण्यात गेलेला एक सेकंदही महाग पडतो. हात सुटताच मूठ आपोआप बंद झाली पाहिजे, अशी अट अमेरिकेच्या संघीय वाहन सुरक्षा मानक क्रमांक १२३ मध्ये मोटरसायकलींसाठी घातलेली आहे. ती उत्पादकांसाठी असली, तरी तिच्यामागचे कारण चालवणाऱ्यालाच लागू पडते.

मायलेज वाढल्याच्या गप्पांबद्दल एवढेच की चढ-उताराच्या रस्त्यावर मूठ एका जागी अडकवून पेट्रोल वाचेलच असे नाही.

लांबच्या प्रवासात उजवा हात बधिर होतो, हे मात्र मान्य करावे लागेल. त्यावर स्वस्त आणि बरा उपाय म्हणजे मुठीवर बसणारा तळहाताचा टेका. तो काहीच अडकवत नाही, हात उचलला की मूठ मिटते. फक्त ब्रेककडे बोटे नेताना तो दाबला जाऊन मूठ उघडणार नाही, अशा कोनात बसवावा. मूठ जागी धरणारा लॉकच हवा असेल, तर घर्षणावर चालणारा आणि लावलेला असतानाही मनगटाच्या साध्या जोराने मूठ मिटू देणारा घ्यावा. इंजिन बंद ठेवून, हँडल डावीकडे आणि उजवीकडे पूर्ण वळवून, दोन्ही टोकांना हे तपासावे. भाच्याची क्लिप या तपासणीत पहिल्याच फेरीत नापास झाली. मूठ मिटवायला त्याला दोन्ही हात लावावे लागले.