‘तुम्हाला नेमकी कुणाची काळजी आहे?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

खोट्या आठवणी आणि त्यांतून होणारे अत्याचाराचे चुकीचे आरोप, या माझ्या लेखावर तुम्ही भलीमोठी प्रतिक्रिया दिलीत. उत्तराला चार दिवस लागले, कारण पहिल्याच दिवशी लिहिलं असतं तर ते छापण्याजोगं झालं नसतं.

आधी एक सांगते. ‘संशोधक साहेब’ हा टोमणा चुकीच्या पत्त्यावर आलाय. मी बाई आहे. माझ्या टोपणनावावरून ते कळत नाही, मान्य. पण ‘पुरुषी मानसिकता’ वगैरे ठोकून देण्याआधी माणूस जरा चौकशी करतो.

आता तुमचं ते वाक्य: ‘हे वाचून सोसलेल्या मुलीने तोंड उघडायचं कसं? तुम्हाला नेमकी कुणाची काळजी आहे?’ यातला पहिला प्रश्न रास्त आहे. दुसरा प्रश्नच नाही, आरोप आहे. प्रश्नचिन्ह लावून आरोप कसा करतात हे मला चांगलं ठाऊक आहे, कारण मी स्वतः तो केलाय.

माझ्या डाव्या हातावर लांबलचक व्रण आहे. आठ वर्षांची असताना जिन्यावरून पडले, टाके पडले. एवढंच आठवत होतं. एकोणिसाव्या वर्षी झोप उडाली म्हणून एका समुपदेशकाकडे जायला लागले. ‘डोळे मिटा. मागे कोण उभं आहे?’ पहिल्या दोन बैठकांत मागे कुणीच नव्हतं. तिसऱ्या बैठकीत पाठीवर हात आला. चौथ्या बैठकीत त्या हातात घड्याळ आलं, स्टीलच्या पट्ट्याचं. दादाचं! त्या पट्ट्याचा गारवा आत्ता हे लिहितानाही पाठीला जाणवतोय. मग एका संध्याकाळी सगळ्यांसमोर मी त्याला विचारलं, ‘तू मला का ढकललंस?’ तो बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, ‘मला आठवत नाही गं. पण ढकललं असेन.’

पुढची सहा वर्षं आम्ही कामापुरतंच बोललो. नंतर आईच्या कपाटात एका फायलीत माझ्या टाक्यांचा कागद सापडला, आणि त्याच फायलीत दादाचं डिस्चार्ज कार्ड. मी पडले त्या दिवशी तो टायफॉइडने हॉस्पिटलात होता, सलग पाचवा दिवस. घड्याळ तर त्याला दहावीनंतर मिळालेलं.

तेव्हा काळजी कुणाची? दादाची. आणि माझीसुद्धा, कारण मी खोटं बोलत नव्हते. हा एवढा फरक तुमच्या प्रतिक्रियेत कुठेच नाही. तुमच्या जगात बाई एक तर खरं सांगते, नाही तर खोटं. मनापासून चुकीचं सांगणारीला तिथे जागाच नाही.

दादाच्या त्या ‘ढकललं असेन’मुळेच मी लेखात पॉल इंग्रॅमबद्दल लिहिलं होतं, ज्याला तुम्ही शिताफीने वळसा घातलात. १९८८, वॉशिंग्टन राज्यातलं ऑलिंपिया. त्याच्याच मुलींनी त्याच्यावर अत्याचाराचे आरोप केले आणि शेरीफच्या, म्हणजे तिथल्या पोलिसांच्या खात्यातला हा माणूस एकामागून एक कबुल्या देत सुटला. रिचर्ड ऑफ्शी या समाजशास्त्रज्ञाने त्याच्यापुढे एक प्रसंग ठेवला, जो ऑफ्शीने स्वतःच रचला होता. इंग्रॅमने आधी नाही म्हटलं. मग ‘आठवून’ त्याचीही लेखी कबुली दिली, संवादांसकट! या एका परिच्छेदावर तुम्ही एक अक्षर लिहिलं असतंत, तर बाकीचं मी हसून सोडलं असतं.

लिंडा विल्यम्स यांचा १९९४ चा अभ्यास तुम्ही तोंडावर फेकल्यासारखा दिलाय. लहानपणी अत्याचाराची नोंद झालेल्या १२९ स्त्रिया, त्यातल्या ३८ टक्क्यांनी मोठेपणी तो प्रसंग सांगितलाच नाही. वाचलाय हो. खरं घडलेलं माणूस विसरू शकतो, हे मी कुठे नाकारलं? मी बोलत होते ते आठवण ‘काढून देण्या’बद्दल. एल्के खेरार्ट्स आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये नेमका हाच फरक तपासला. मानसोपचाराबाहेर, आपोआप परत आलेल्या अत्याचाराच्या आठवणींना ३७ टक्के वेळा दुसरीकडून दुजोरा मिळाला, उपचारात निघालेल्या आठवणींना एकदाही नाही. म्हणून आठवण कशी आली, कुणी काय विचारल्यावर आली, हे विचारायचं. असं विचारणं म्हणजे सोसलेल्या मुलीचं तोंड दाबणं असेल, तर मग पुढे बोलण्यात अर्थ नाही.

‘लहानपणी तू मॉलमध्ये हरवला होतास’ असं खोटंच सांगून काहींना ते ‘आठवायला’ लावणाऱ्या प्रयोगात २४ च जण होते, हा आक्षेप जुनाच आहे. त्यावर इतरांनी पुष्कळ लिहिलंय. बाकीच्या मुद्द्यांपैकी निम्म्यांची उत्तरं मूळ लेखातच आहेत, तो पुरता वाचलात तर सापडतील.

एक चूक मात्र तुम्ही बरोबर पकडलीत. अमेरिकेतल्या मॅकमार्टिन बालवाडीत मुलांवर अत्याचार झाल्याच्या आरोपांचा खटला १९८७ मध्ये संपला, असं मी लिहिलं होतं. त्या वर्षी तो सुरू झाला, आणि १९९० मध्ये एकालाही दोषी न ठरवता संपला. आभार. लेखात दुरुस्ती केली आहे. ‘साहेब’ तेवढं तुम्ही दुरुस्त करा.