चर्चमध्ये कुणाचं लग्न लावायचं हे सरकार ठरवत नाही

आम्हा वसईच्या कॅथलिकांच्या मोबाइलवर गेले काही महिने एक मजकूर फिरतो आहे. सुरुवातीला ‘सावध व्हा’, शेवटी ‘दहा जणांना पाठवा’. मधला ऐवज थोडक्यात असा: सरकारी लग्न आणि चर्चमधलं लग्न एकच असतं; म्हणून समलिंगी विवाहाला उद्या सरकारने मान्यता दिली की तशी लग्नं आपल्या वेदीसमोर लावावी लागतील; नकार देणारा फादर तुरुंगात जाईल; पोप फ्रान्सिस यांनी तर या लग्नांना मान्यता देऊनही टाकली; आणि खरे कॅथलिक असाल तर अशा माणसांना घरात आणि चर्चमध्ये थारा देऊ नका.

मी निवृत्त शिक्षिका आहे. लग्न ठरलेल्या जोडप्यांसाठी चर्चचं जे शिबिर असतं त्यात माझा नवरा आणि मी बरीच वर्षं एक सत्र घेतो. विवाह एका पुरुषाचा आणि एका स्त्रीचा, ही ख्रिस्तसभेची, म्हणजे आपल्या कॅथलिक चर्चची, शिकवण मी मानते आणि तीच शिकवते. पण शिकवणीचं रक्षण करायला खोट्याची मदत घेतलेली मला सहन होत नाही. दहा आज्ञांमधली आठवी खोट्या साक्षीबद्दल आहे, आणि हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांपैकी निम्म्यांना ती आज्ञा वर्गात मीच पाठ करून घेतली आहे.

आधी ‘दोन्ही लग्नं एकच’ हा दावा घेते, कारण बाकीचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

शिबिरात दरवेळी एखादा मुलगा विचारतोच, “टीचर, कोर्ट मॅरेज झालंय आमचं. आता चर्चमध्ये फक्त आशीर्वाद ना?” त्याला सांगावं लागतं की बाळा, सरकारच्या लेखी तू नवरा झालास, ख्रिस्तसभेच्या लेखी तुझं लग्न अजून लागलेलंच नाही. कॅथलिकाचं लग्न वैध व्हायला अधिकार असलेला धर्मगुरू आणि दोन साक्षीदार लागतात. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने ११ नोव्हेंबर १५६३ रोजी हा नियम केला. त्याआधी दोघांनी एकमेकांना गुपचूप वचन दिलं तरी लग्न होत असे, आणि पुढे एकजण उलटला की दुसऱ्याच्या हाती पुरावा नसे. आजच्या १९८३ च्या कॅनन लॉमध्ये, म्हणजे चर्चच्या स्वतःच्या कायद्यात, तोच नियम १,१०८ व्या कलमात आहे. आता याची दुसरी बाजू बघा. विशेष विवाह कायदा, १९५४ खाली तीस दिवसांची नोटीस देऊन, विवाह अधिकाऱ्यासमोर तीन साक्षीदारांच्या सह्या घेऊन केलेलं लग्न देशभर चालतं. बँक, पासपोर्ट, वारसा, सगळीकडे. तरीही तेवढ्यावर विवाहसंस्कार होत नाही.

लग्न मोडतानाही हेच. धर्मप्रांताच्या विवाह न्यायमंडळाने ‘हे लग्न मुळातच वैध नव्हतं’ असा निर्णय दिला की माणूस ख्रिस्तसभेत पुन्हा लग्न करायला मोकळा होतो. पण सरकार त्याला विवाहितच धरतं. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये मॉली जोसेफ खटल्यात हे स्पष्ट केलं: चर्चच्या न्यायमंडळाचा निर्णय ख्रिस्ती घटस्फोट कायद्याची जागा घेऊ शकत नाही. या निर्णयांना कायदेशीर मान्यता द्या, अशी मागणी करणारी क्लॅरन्स पैस यांची याचिका जानेवारी २०१७ मध्ये फेटाळली गेली. उलट, दिवाणी न्यायालयातून घटस्फोट आणलेल्या माणसाचं न्यायमंडळाच्या निर्णयाशिवाय कोणताही फादर दुसरं लग्न लावत नाही. माझ्या ओळखीत अशी दोन घरं आहेत. एकात चर्चचा कागद आहे, कोर्टाचा नाही. दुसऱ्यात कोर्टाचा आहे, चर्चचा नाही. दोन्हीकडे माणसं वर्षानुवर्षं अडकून बसली आहेत. दोन्ही लग्नं एकच असती तर त्यांच्यावर ही वेळ आली असती का?

वयाचंही उदाहरण आहे. कॅनन लॉनुसार विवाहाचं किमान वय मुलाला १६ आणि मुलीला १४ आहे. आपल्या देशाचा कायदा २१ आणि १८ म्हणतो, आणि इथले धर्मगुरू देशाच्या कायद्याप्रमाणेच चालतात. देशाच्या कायद्यात न बसणारं लग्न बिशपांच्या परवानगीशिवाय लावू नये, असं कॅनन लॉचं १,०७१ वं कलमच सांगतं. म्हणजे दोन कायदे वेगळे आहेत हे ख्रिस्तसभा स्वतःच गृहीत धरते.

गोव्यातले नातेवाईक इथे अडवतील, आणि त्यांचं म्हणणं रास्त आहे. तिथे दोन्ही गोष्टी खरंच एकमेकींना बांधलेल्या आहेत. पोर्तुगीज अमलात १९४६ च्या डिक्रीने चर्चमधल्या लग्नाला नागरी परिणाम मिळाले. आजही तिथलं कॅथलिक जोडपं आधी सिव्हिल रजिस्ट्रारकडे जातं, ना-हरकत दाखला घेतं आणि मग वेदीसमोर उभं राहतं. पण ही गाठ एकाच दिशेने काम करते. चर्चने लावलेलं लग्न सरकार नोंदवतं. सरकारने नोंदवलेलं प्रत्येक लग्न चर्चने लावावं असं त्यात कुठेही नाही. ज्या पोर्तुगालकडून ही पद्धत आली तिथेच २०१० मध्ये समलिंगी नागरी विवाह कायदेशीर झाला. त्याच मे महिन्यात पोप बेनेडिक्ट फातिमाला येऊन त्याविरुद्ध बोलून गेले होते, तरी काही दिवसांतच राष्ट्राध्यक्ष कावाको सिल्व्हा यांनी सही केली. आज इतक्या वर्षांनंतरही पोर्तुगालमधल्या कॅथलिक चर्चमध्ये लग्न लागतं ते स्त्री-पुरुषाचंच.

आता तुरुंगाची भीती.

भारतापुरतं उत्तर कायद्याच्या पुस्तकातच आहे. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा, १८७२. त्याच्या पाचव्या कलमात लग्न कुणी लावावं याची यादी आहे, आणि त्यात पहिलाच आहे बिशपांकडून दीक्षा मिळालेला धर्मगुरू. अट एकच: ते लग्न त्याच्या चर्चच्या नियम, विधी आणि रूढींप्रमाणे लागलं पाहिजे. फादरने चर्चचे नियम पाळावेत असं खुद्द सरकारी कायदाच सांगतो.

आणि ज्या खटल्याने ही सगळी घबराट उठली त्यात काय मागितलं होतं? समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता मागणाऱ्या सुप्रियो विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सुनावणीच्या सुरुवातीलाच सांगितलं की आम्ही धर्मांच्या व्यक्तिगत कायद्यांत शिरणार नाही, विचार फक्त विशेष विवाह कायद्याचा करू. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी निकाल लागला. विवाह हा मूलभूत हक्क नाही, यावर पाचही न्यायमूर्तींचं एकमत झालं आणि विशेष विवाह कायदा होता तसाच राहिला. फेरविचाराच्या याचिकाही जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या. ‘कायदा उद्या येतोय’ असं सांगणाऱ्याने निदान हा निकाल तरी वाचायला हवा होता.

कायदा आलाच तर काय होईल, हे जिथे तो आला तिथे बघता येतं. नेदरलँड्स २००१, स्पेन २००५, अर्जेंटिना २०१०, आयर्लंड २०१५, माल्टा २०१७. यातले शेवटचे चार तर परंपरेने कॅथलिक देश. आयर्लंडमध्ये लोकांनी सार्वमताने कौल दिला, सुमारे ६२ टक्के बाजूने. यातल्या एकाही देशात कॅथलिक धर्मगुरूवर असं लग्न लावायची सक्ती झालेली नाही. घटस्फोटाचा अनुभव तर आपला स्वतःचाच आहे. भारतात ख्रिस्ती घटस्फोटाचा कायदा १८६९ पासून आहे. दीडशे वर्षांत सरकारने कुठल्या फादरला ‘या घटस्फोटिताचं लग्न लाव’ म्हणून दरडावलं?

मजकुरात डेन्मार्कचा उल्लेख आहे, तोही तपासू. तिथे २०१२ मध्ये चर्चमधल्या समलिंगी विवाहाचा कायदा झाला हे खरं. पण ते चर्च डेन्मार्कचं लुथरन, म्हणजे प्रोटेस्टंट, राष्ट्रीय चर्च, ज्याचे कायदे तिथली संसदच करते. त्यातल्या पाळकालासुद्धा वैयक्तिक नकाराचा हक्क आहे. जोडप्यासाठी दुसरा पाळक शोधायची जबाबदारी बिशपवर असते. कॅथलिकांना तो कायदा लागूच नाही.

खरे वाद झाले ते वेदीपासून दूर, आणि ते मी लपवणार नाही. अमेरिकेत बॉस्टनच्या कॅथलिक चॅरिटीज संस्थेने समलिंगी जोडप्यांना मुलं दत्तक द्यावी लागतील म्हणून २००६ मध्ये दत्तक सेवाच बंद केली. फिलाडेल्फियातला तसाच वाद तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०२१ मध्ये कॅथलिक संस्थेच्या बाजूने एकमताने निकाल लागला. सरकारी पैसा किंवा परवाना घेऊन चालणाऱ्या सेवांबद्दल काळजी वाटत असेल तर त्यावर जरूर बोलू या. विवाहसंस्काराशी त्याचा संबंध नाही.

पोप फ्रान्सिस यांच्याबद्दलचा दावा गंमत म्हणजे दोन्ही बाजूंचे लोक पसरवतात, आणि दोन्हीकडून तो खोटाच आहे. २०१६ च्या ‘आमोरिस लेतित्सिया’ या पत्रात त्यांनीच लिहिलं की समलिंगी संबंध आणि देवाच्या योजनेतला विवाह यांत दूरचंसुद्धा साम्य मानायला आधार नाही. २०२० मध्ये एका माहितीपटातून त्यांचं म्हणणं बाहेर आलं, की अशा जोडप्यांना कायद्याचं संरक्षण मिळावं, नागरी सहजीवनाचा कायदा असावा. बोलणं सरकारी कायद्याबद्दल होतं. मार्च २०२१ मध्ये व्हॅटिकनने जाहीर केलं की अशा संबंधांना आशीर्वाद द्यायचा अधिकार ख्रिस्तसभेला नाही. मग १८ डिसेंबर २०२३ ला ‘फिदुचिया सुप्लिकान्स’ हे व्हॅटिकनचं घोषणापत्र आलं: आशीर्वाद मागायला आलेल्या जोडीला फादर साधासा आशीर्वाद देऊ शकतात, पण तो उपासनाविधी असता कामा नये आणि विवाहाचा भास होईल असं काही असता कामा नये. दोनच आठवड्यांनी व्हॅटिकनने खुलासा केला की हे दहा-पंधरा सेकंदांचं काम आहे. आफ्रिकेतल्या बिशपांनी तेवढंही नाकारलं, आणि त्यांना कुणी शिक्षा केली नाही. यात लग्न कुठे आलं?

ख्रिस्तसभेची भूमिका पूर्ण सांगायची तर हेही सांगितलं पाहिजे की २००३ मध्ये, रॅट्झिंगर (पुढचे पोप बेनेडिक्ट) कार्डिनल असताना, व्हॅटिकनने समलिंगी संबंधांच्या नागरी मान्यतेलाही विरोध केला आणि कॅथलिक लोकप्रतिनिधींना विरोधात मत द्यायला सांगितलं. ती भूमिका मागे घेतलेली नाही. मला स्वतःला फ्रान्सिस यांचं म्हणणं पटतं. पंचवीस वर्षं एकत्र राहिलेल्या दोघांपैकी एकाला दवाखान्यात नेलं आणि दुसऱ्याला कागदावर सही करता आली, तर माझ्या विवाहसंस्काराचं काही कमी होत नाही. तुम्हाला हे पटणार नाही, तर २००३ चा दस्तऐवज हातात घेऊन वाद घाला. तो प्रामाणिक वाद होईल.

राहिला शेवटचा दावा, घरात थारा न देण्याचा. माझा सगळा राग याच्यावर आहे.

‘कॅटेकिझम’ हा आपला अधिकृत शिकवणग्रंथ. त्यात या विषयावर लागोपाठ तीन परिच्छेद आहेत. २,३५७ मध्ये समलिंगी कृती मूलतः विपरीत आहेत असं म्हटलंय. २,३५९ मध्ये अशा व्यक्तींना ब्रह्मचर्याचं पाचारण आहे. मजकूर लिहिणाऱ्याने हे दोन्ही उतरवले आणि मधला गाळला. २,३५८ सांगतो की या व्यक्तींना आदराने, करुणेने आणि हळुवारपणे स्वीकारलं पाहिजे, त्यांच्याबाबतीत अन्याय्य भेदभावाची प्रत्येक खूण टाळली पाहिजे. कुठल्या पानावरून काय उचललं हे कळायला विद्वत्ता लागत नाही, पुस्तक उघडावं लागतं. १९८६ मध्ये बिशपांना गेलेल्या व्हॅटिकनच्या पत्रातही अशा व्यक्तींविरुद्धच्या द्वेषपूर्ण बोलण्याचा आणि हिंसेचा निषेध आहे. डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना त्या काळी गुन्हा ठरवणारं ३७७ कलम पुन्हा जिवंत केलं तेव्हा मुंबईचे महागुरुस्वामी कार्डिनल ऑस्वल्ड ग्रेशियस यांनी समलिंगी विवाहाला विरोध कायम ठेवूनच सांगितलं, की ख्रिस्तसभेने या व्यक्तींना कधी गुन्हेगार मानलेलं नाही. पोप फ्रान्सिस जानेवारी २०२३ मध्ये तेच बोलले: पाप आणि गुन्हा यांत फरक करा.

मागच्या महिन्यात मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, झाल्यावर एक बाई मला मागच्या बाकाजवळ थांबवून बसली. तिचा मुलगा परदेशी असतो. त्याने तिला फोनवर सगळं सांगून टाकलंय. नाताळला तो घरी येणार आहे, आणि मध्यरात्रीच्या मिस्साला आईबरोबर जायचं म्हणतोय, लहानपणी जायचा तसं. तिने हातातल्या मोबाइलवर हाच मजकूर उघडून दाखवला. तिच्या धाकट्या दिराने घरच्या ग्रुपवर टाकला होता. “टीचर, याला मिस्साला येऊ नको म्हणून सांगू का? पाप लागेल का मला?”

मी म्हटलं, तो इथेच बाप्तिस्मा घेतलेला आहे, त्याला येऊ दे, तुझ्याच बाकावर बसव. कोण मिस्साला बसू शकत नाही असा नियम मला तरी कुठे सापडलेला नाही. ती गप्प राहिली. मग विचारलं, “दिराला काय लिहू?”

तिच्याकडे पेन नव्हतं. मी माझ्या स्तोत्रांच्या वहीचं मागचं पान फाडलं, त्यावर २,३५८ हा आकडा लिहिला, खाली तो परिच्छेद मराठीत उतरवून दिला. तिने घडी घालून पदराला गाठ मारली.