चर्चसकट बाहेर कसं पडावं

मंडळी, पंथाशी पटेनासं झालंय ना? मग खुशाल बाहेर पडा. बायबलचा अर्थ, समलिंगी विवाह, बिशपची निवड, कारण कुठलंही चालेल. ते कितीही आध्यात्मिक असलं, तरी भांडण शेवटी इमारत, कब्रस्तान, पाइप ऑर्गन आणि पार्किंगवरच येतं. अमेरिकेतल्या मंडळ्यांनी यात चांगलेच हात पोळून घेतले आहेत, तेव्हा कृती तयार आहे.

आधी मतदान उरका. कागद नंतर बघू. खरेदीखत कुणाच्या नावावर, नियमावलीत काय लिहिलंय, असल्या शंका काढणाऱ्या खजिनदाराला त्या दिवशी चहाच्या कामाला लावा. कौल दणदणीत लागला की न्यायाधीश विरघळतो, असं धरून चाला. जॉर्जियात मेकनच्या व्हाइनव्हिल प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये १९७३ साली बाहेर पडण्याच्या बाजूनं १६४ विरुद्ध ९४ असा कौल लागला आणि प्रकरण थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पोचलं. १९७९ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी ठरलं, की धर्मशास्त्रात न शिरता कोर्टांनी खरेदीखत, राज्याचा कायदा आणि चर्चची घटना वाचून मालकी ठरवली तरी चालेल. पंथांना इमारती हातच्या जायला नको असतील, तर त्यांनी आपल्या घटनेत तसं लिहून ठेवावं, असंही न्यायालयानं सुचवलं.

एवढी सोन्यासारखी सूचना वाया कोण घालवेल? त्याच वर्षी एपिस्कोपल चर्चनं, म्हणजे अमेरिकेतल्या अँग्लिकन पंथानं, ‘डेनिस कॅनन’ (कॅनन म्हणजे पंथाचा कायदा) मंजूर केला. अर्थ सोपा आहे: इमारत तुमच्या नावावर असली, तरी ती तुम्ही पंथाच्या वतीनं सांभाळता. गळकं छप्पर तुमचं, हक्क त्यांचा. मेथडिस्ट पंथाकडे असं कलम संस्थापक वेस्लीच्या काळापासून आहे. तुम्ही मात्र कोर्टात ‘आमच्या पणज्यांनी विटा वाहिल्या’ हाच मुद्दा लावून धरा. विटांची पावती कुणी मागत नाही, पण ऐकायला बरं वाटतं.

कागद वाचायचा मोह झालाच, तर साउथ कॅरोलायनाकडे बघू नका. तिथं पॉलीज आयलंडच्या एपिस्कोपल मंडळीकडे १७४५ चं विश्वस्तपत्र होतं, शिवाय डायोसिसनंच (बिशपच्या हाताखालच्या विभागानं) १९०३ साली लिहून दिलेलं हक्कसोडपत्र. २००९ मध्ये ती मंडळी जिंकली. ज्याच्या नावावर मिळकत नाही, त्याला तिच्यावर स्वतःसाठी ट्रस्ट लादता येत नाही, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं. हे ऐकून बाकीच्यांना स्फुरण चढलं. २०१२ मध्ये अख्खा डायोसिसच पंथातून बाहेर पडला. २०१७ मध्ये पाच न्यायमूर्तींनी पाच वेगवेगळी निकालपत्रं लिहिली. नेमकं कोण जिंकलं हे ठरवायला पुन्हा कोर्टात जावं लागलं. एप्रिल २०२२ मध्ये २९ पैकी १४ मंडळ्यांच्या इमारती गेल्या, ऑगस्टमध्ये फेरविचारात त्यातल्या सहा परत आल्या. फरक श्रद्धेत नव्हता. नियमावलीत ‘पंथाचे कॅनन आम्हाला मान्य’ अशा अर्थाचं वाक्य कुणी, कधी आणि कोणत्या शब्दांत घातलं, यात होता. तुमच्या नियमावलीत ते वाक्य कधी शिरलं, हे शोधायचं काम विरुद्ध पक्षाच्या वकिलावर सोपवा. तो आनंदानं करतो.

पैसे भरून सुटायचा मार्ग तुमच्या स्वाभिमानाला शोभणारा नाही. मेथडिस्टांनी २०१९ मध्ये आपल्या नियमपुस्तकात २५५३ क्रमांकाचा परिच्छेद आणला होता: हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांचा कौल, वरच्या कॉन्फरन्सची (पंथाच्या प्रादेशिक सभेची) मंजुरी, थकलेल्या वर्गणीसह पुढच्या १२ महिन्यांची वर्गणी आणि पाळकांच्या पेन्शनच्या तुटीतला वाटा. साडेसात हजारांहून जास्त मंडळ्या या दारानं इमारतीसकट बाहेर पडल्या. ३१ डिसेंबर २०२३ ला दार बंद झालं. तुम्ही तेव्हा प्रार्थना करत होतात, हरकत नाही. डॅलसच्या हायलँड पार्क प्रेस्बिटेरियन मंडळीनं तर ७८ लाख डॉलर मोजून मिटवलं. त्यांना लढण्याची हौसच नव्हती म्हणायची.

खालच्या कोर्टात जिंकलात, की लगेच पेढे वाटा. व्हर्जिनियातल्या फॉल्स चर्च या एपिस्कोपल मंडळीनं २००६ मध्ये बाहेर पडायचं ठरवलं. यादवी युद्धानंतरच्या एका जुन्या कायद्याच्या आधारे पहिला निकाल बाजूनं लागला. २०१० मध्ये तो फिरला, २०१२ मध्ये इमारत गेली, २०१४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं प्रकरण ऐकायलाच नकार दिला. दरम्यान वकिलांची बिलं थांबत नाहीत आणि दावा चालू असलेल्या जागेवर बँक कर्ज द्यायला तयार नसते. ज्यांनी विरोधात मत दिलं, त्यांना बाहेर काढताना कुलपं बदलायला विसरू नका. कोर्टात तीच माणसं ‘खरी मंडळी आम्हीच’ म्हणून समोरच्या बाकावर बसलेली असतात, आणि कुलपाचा फोटो त्यांच्या कामी येतो.

हरलात, तर इमारत विकत मागून बघा. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनमध्ये हरलेल्या मंडळीनं आपलंच चर्च दीड लाख डॉलरना मागितलं होतं. डायोसिसनं ते २०१० मध्ये एका इस्लामिक केंद्राला ५० हजारांना विकलं. तेव्हा अंदाजपत्रकात वकिलाच्या फीखाली आणखी एक ओळ मोकळी ठेवा: ‘राग (विरुद्ध पक्षाचा) – १,००,०००’.